गवाह नंबर दोन

ये गं, जवळ ये. तू लातूरला, मी नांदेडला, पण कागदावरून का होईना, ये आणि अशी माझ्यासमोर बस. आधी कान इकडं कर, धरायचाय मला. शहाणे, तुला कुणी सांगितलं होतं भरल्या सभेत माझं कौतुक करायला? विचारायचं तरी एकदा. मावशीला विचारायला काय पैसे पडतात?

त्या दिवशी तुमच्या वकिलांच्या कार्यक्रमात तू बोलायला उभी राहिलीस. कुठल्या कोर्टानं कधी काय फैसला दिला, माणसाला बोलायचा हक्क कसा आहे, चार जणांनी एकत्र बसायचा हक्क कसा आहे, कारण न सांगता कुणाला कोंडून ठेवता येत नाही, असं सगळं सांगत होतीस. मला निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. पण तू अगदी तुझ्या आईसारखे हात नाचवत बोलतेस, ते बघत बसले होते. आणि मग तू म्हणालीस, हे हक्क काही आपल्याला दिल्लीहून आयते मिळाले नाहीत. निजामाच्या अमलात, आपल्या नांदेडात, एका विधवा बाईनं घरात बायकांना अक्षरं शिकवली म्हणून तिच्यावर खटला झाला. तो हैदराबादच्या हायकोर्टापर्यंत गेला आणि ती जिंकली. त्या खटल्यात माझ्या मावशीनं सोळाव्या वर्षी गवाही दिली. ती मावशी ही बघा पुढच्या रांगेत बसलीय.

टाळ्या काय, शाल काय, नारळ काय. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. जेवायलाही थांबले नाही, पित्त झालंय म्हणून सांगितलं आणि संध्याकाळची बस धरली. तुझी आई म्हणाली, "ताईला कौतुक सोसत नाही." कौतुक कुणाला सोसत नाही गं?

तुझ्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. गवाही मी दिली होती. काय दिली होती हे तू कधी विचारलं नाहीस, आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईला नाही, तुझ्या काकांना नाही, माझ्या पोरांना तर नाहीच. आता तू फोनवर म्हणतेस की ती सगळी भाषणं पुस्तकात छापणार आहेत. म्हणून लिहायला बसले. माझं लिहिणं शाळेतलं नाही, चुका निघतील. त्या काढत बसू नकोस, आधी वाच.

मी लग्न होऊन नांदेडला आले ती चौदाव्या वर्षी. मामंजी मुन्सिफाच्या कचेरीत पेशकार. म्हणजे जजसाहेबांच्या बाजूला बसून कागद पुढं करायचे, तारखा सांगायच्या, हुकूम लिहून घ्यायचे. सगळा कारभार उर्दूतून. मामंजींचं उर्दू असं होतं की हैदराबादचे वकीलसुद्धा वाहवा म्हणायचे. घरी मात्र मराठी, तेही मोजकं. तुझे काका, म्हणजे आमचे हे, तेव्हा हैदराबादला शिकत होते, दोन सुट्ट्यांना यायचे. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. शेजारी गोदावरी, तिला आम्ही गंगाच म्हणतो. उन्हाळ्यात तिचं पाणी पार पलीकडच्या काठाला जाऊन बसायचं.

लातूरहून माझ्या वडिलांचं कार्ड महिन्याकाठी यायचं. मला वाचता येत नव्हतं. आमच्या घरी मुलांना शिकवलं, आम्हा दोघी बहिणींना नाही. तुझी आई तर तेव्हा सहा वर्षांची होती. मामंजी कचेरीतून आले, हातपाय धुतले, चहा झाला की कार्ड हातात घ्यायचे आणि वाचायचे, "सर्व क्षेम. पाऊस बरा आहे. मुलीस आशीर्वाद." मग कार्ड कोनाड्यात. दर महिन्याला तेवढंच. मला वाटायचं, बाबा एवढं मोठं कार्ड घेतात आणि तीनच वाक्यं लिहितात, बाकीची जागा कशाला वाया घालवतात?

आता आक्कांचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहायच्या. चाळिशीच्या असतील. त्यांचे यजमान शाळेत मास्तर होते, त्यांनी बायकोला शिकवलं होतं. ते गेल्यावर आक्का दुपारच्या वेळी पोथी वाचायच्या आणि गल्लीतल्या बायका ऐकायला जायच्या. भांडी घासून झाली, पुरुष कचेरीत गेले की दीड-दोन तास. पोथीला कोण नाही म्हणणार? सासूबाईच म्हणाल्या, "जा, कानावर काही बरं पडंल."

पोथी व्हायची अर्धा तास. उरलेला वेळ आक्का जमिनीवर रांगोळी पसरायच्या, बोटानं अक्षर काढायच्या आणि म्हणायच्या, "हं, गिरवा." पाटीचा आवाज बाहेर जातो, पेन्सिल कचकचते. रांगोळीवर हात फिरवला की झालं. तुला वाटेल, एवढं लपवायचं काय त्यात? अगं, त्या वेळी सरकारची इजाजत घेतल्याशिवाय कुणाला खाजगी शाळा काढता येत नव्हती. सभा भरवायची तरी इजाजत. आक्का म्हणायच्या, "ही काय शाळा आहे? मी माझ्या घरात बसलेय, तुम्ही माझ्या घरी आलात." पण रांगोळी मात्र पुसायच्या.

आम्ही आठ-दहा जणी होतो. बहुतेक सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या सुना. आणि एक कासारीण. ती डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गल्लीगल्ली फिरायची. एका जागी एवढे हात सापडतात म्हणून आली, आणि बसली ती रोजच यायला लागली. तिची बोटं काचा हाताळून इतकी सरावलेली की आमच्या आधी तिचं अक्षर वळलं. आक्का तिला म्हणायच्या, "तू कुठं उपयोग करणार याचा?" ती म्हणायची, "आधी येऊ तर द्या आक्का, उपेग मागनं हुडकू." आम्ही हसायचो. मी तर जास्तच, कारण माझा 'ख' तिच्यापेक्षा वाकडा यायचा.

पावसाळा संपला तेव्हा मला जोडाक्षरं सोडून बरंच वाचता यायला लागलं होतं. एका संध्याकाळी मामंजी कार्ड वाचत होते. "सर्व क्षेम. पीकपाणी ठीक. मुलीस आशीर्वाद." मी कप उचलायला वाकले, तर कार्ड माझ्या डोळ्यासमोरच होतं. मला सुचलं नाही गं काही, तोंडातून निघून गेलं, "मामंजी, खाली अजून दोन ओळी आहेत."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मामंजी म्हणाले, "काय लिहिलंय?"

मी अडखळत वाचलं. आई अंथरुणावर आहे. मुलीची फार आठवण काढते. दिवाळीला चार दिवस पाठवावं ही विनंती.

मामंजींनी कार्ड मांडीवर ठेवलं. रागावले नाहीत. त्यांचा चेहरा चोरी सापडलेल्या माणसासारखा झाला होता. म्हणाले, "तुमचा जीव तिकडं लागू नये म्हणून वाचत नव्हतो, सूनबाई." आणि मग, "कुणी शिकवलं?"

मी अगदी ऐटीत सांगितलं, "आक्कांनी."

दिवाळीला त्यांनी मला लातूरला पाठवलं. तुझ्या आजीजवळ मी आठ दिवस राहिले. तिचे केस विंचरले, तिला लाडू कुस्करून भरवला. संक्रांतीच्या आधी ती गेली. ते आठ दिवस मला आक्कांनी दिले होते, हे नीट लक्षात ठेव आणि मग पुढचं वाच.

मी लातूरहून परत आले तेव्हा आक्कांच्या दारात तालीम खात्याचा, म्हणजे शिक्षण खात्याचा, चपराशी आणि पोलिसाचा एक जवान येऊन गेले होते. कुणीतरी अर्जी दिली होती. ही बाई बिगर इजाजत शाळा चालवते, फी घेते आणि पोथीच्या नावाखाली बायकांना सरकारविरुद्धचे अखबार वाचून दाखवते. अर्जी कुणी दिली ते मला आजही ठाऊक नाही. संशय आहे, पण संशयावर मी बोलणार नाही. मी खोटं बोललेय, तेवढं पुरे.

खटला उभा राहिला, तोही मामंजींच्याच कचेरीत. आक्कांचं वकीलपत्र घेतलं लातूरच्या एका तरुण वकिलानं. तो म्हणाला, आपण काही लपवायचं नाही. घरात बसून एकीनं दुसरीला अक्षर दाखवलं, फी नाही, अखबार नाही, हेच खरं आहे आणि हेच सांगायचं. आक्कांनी आपल्या बयानात तसंच सांगितलं. चांगल्या घरच्या सुना माझ्याकडं येतात, पेशकारसाहेबांची सूनही येते, त्यांनाच विचारा, असंही त्या म्हणाल्या. आता त्यांच्या बाजूनं सांगायला कुणीतरी बाई हवी होती. वकील दारोदार फिरला. जिथं जाईल तिथं, "आमची सून माहेरी गेलीय." एका गल्लीतल्या सगळ्या सुना एकदम माहेरी गेल्या बघ.

मी गंगेवर धुणं धुवायला गेले तेव्हा आक्का तिथं होत्या. मी म्हटलं, "आक्का, मी सांगते."

"नको बाई. तुझं घर कचेरीचं. तू यात पडू नकोस."

"तुमच्यामुळं मला आई दिसली. मी सांगणार."

त्यांनी ओल्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पाणी कानामागून मानेवर उतरलं, ते मला अजून लागतं.

चांगल्या घरच्या बाईनं कचेरीत जाऊन उभं राहायचं नाही, असा तेव्हा रिवाज होता. तिची गवाही घ्यायला कोर्टाकडून माणूस घरी यायचा. त्याला कमिशन म्हणत. मधे पडदा बांधायचा, बाईनं पडद्याआडून बोलायचं. आमच्या घरी कमिशन येणार म्हणून कागद आला. मामंजींनी साहेबांना सांगून त्या खटल्याचं काम दुसऱ्याकडं दिलं होतं. सकाळी जेवायला बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "सूनबाई, माझी नोकरी अजून बरीच राहिलीय. तिकडं पोराचं शिक्षण आहे. तुम्हाला जे खरं वाटंल ते सांगा."

अगं, त्यांनी धमकी दिली असती तर बरं झालं असतं. मी जिद्दीनं बोलले असते. पण ते हात धुवायला उठले, आणि मी बघत राहिले तर त्यांची पाठ वाकलेली. मला वाटलं, या पाठीवर मी आता काय ठेवणार आहे?

दुपारी ओसरीवर माझंच एक जुनं लुगडं आडवं बांधलं. आत मी आणि सासूबाई. बाहेर कमिशनचे म्हातारे मुन्शी, सरकारचा वकील, आक्कांचा वकील, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून आक्का. लुगडं विरलेलं होतं. मला बाहेरची माणसं धूसर दिसत होती. त्यांना मी दिसत नव्हते.

मुन्शीजींनी गंगेची शपथ घ्यायला लावली आणि म्हणाले, "घाबरू नक्को बेटी. सच बोल, बस."

आक्कांच्या वकिलानं विचारलं, "ताई, तुम्ही या बाईंना ओळखता?"

"गल्लीत राहतात."

"त्यांच्या घरी दुपारी जात होतात?"

सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. बस, एवढंच झालं बघ. त्यांनी पदर सारखा केला असंल. मला त्यांनी काही खुणावलं नाही, हे मी शपथेवर सांगते, आणि या वेळची शपथ खरी आहे.

मी म्हटलं, "नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

वकिलाचा आवाज बदलला. "ताई, नीट आठवा. तिथं अक्षरं शिकलात तुम्ही. तुम्हाला लिहिता-वाचता येतं."

"मला नाही येत."

सरकारचा वकील उर्दूत काहीतरी म्हणून हसला. नंतर कळलं, तो म्हणाला होता की मुलजिम, म्हणजे आरोपी बाई म्हणते पेशकाराची सून माझ्याकडं येते, आणि सून म्हणते मी कधी गेलेच नाही, आता खोटारडी कोण ते कोर्टानं ठरवावं. आक्कांचा वकील आणखी विचारायला लागला, तेव्हा कोपऱ्यातून आक्कांचा आवाज आला.

"जाऊ द्या वकीलसाहेब. लेकरू आहे."

मुन्शीजींनी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि विचारलं, "दस्तखत करतेस का अंगठा?"

इथं मला कुणी काही म्हणालं नव्हतं. मामंजी घरात नव्हते. सासूबाई खाली बघत होत्या. टाक घेऊन नाव लिहिलं असतं तर आधीचं सगळं खोटं तिथल्या तिथं उघडं पडलं असतं, आणि माझी सुटका झाली असती. मी म्हटलं, "अंगठा." लुगड्याखालून शाईचं पॅड आत आलं.

शाई तीन दिवस जाईना. भाकरी थापताना ती डोळ्यासमोर यायची. सासूबाईंनी शाई घासायला चिंच आणून माझ्या हातावर ठेवली.

पुढच्या तारखेला ती कासारीण स्वतः कचेरीत गेली. पडदा नाही, कमिशन नाही. टोपली दाराशी ठेवली आणि आत जाऊन उभी राहिली. हे मला मामंजींनी रात्री जेवताना सांगितलं. सांगायचं नव्हतं त्यांना, पण त्यांच्यानं राहवेना. सासूबाईंनाच सांगत होते, पण ऐकायला मीही होतेच.

"सरकारी वकील तिला म्हणाला, विधवेच्या घरी बांगडीवालीचं काय काम? तर म्हणते, साहेब, इहिरीला तहान लागत न्हाई, म्हणून तिच्याकडं घागर न्यायची न्हाई का?"

सासूबाई हसू दाबत म्हणाल्या, "अगं बाई!"

"मग त्यानं विचारलं, म्हणजे शाळाच होती ना ती? तर म्हणते, शाळेत छडी असती साहेब, हितं चिवडा होता. सगळी कचेरी हसली. मुन्सिफसाहेब पण."

"आणि मग?"

"कारकुनानं सवयीनं अंगठ्याचं पॅड पुढं केलं. तिनं ते बाजूला सारलं आणि टाक मागितला. नाव लिहायला इतका वेळ लावला की साहेबांचा चहा पिऊन झाला. पण लिहिलं." मामंजी वर न बघता म्हणाले, "सूनबाई, भाकरी वाढा."

नांदेडच्या कोर्टानं आक्कांना दोषी धरलं. दंड केला आणि पुन्हा बायका जमवणार नाही असा मुचलका लिहून द्यायला सांगितलं. फैसल्यात कारण होतं की प्रतिष्ठित घरची गवाह या बाईला खोटं पाडते, आणि उलट बोलणारी ती रस्त्यावर बांगड्या विकणारी बाई आहे, तिच्या शब्दाला तेवढं वजन नाही. माझ्या शब्दाला होतं बघ.

मुचलका लिहून द्यायला आक्का तयार होईनात. त्या वकिलानं पदरमोड करून अपील हैदराबादला नेलं. जवळजवळ वर्ष गेलं. ते सगळं वर्ष आक्का गल्लीतून जाताना माझ्या दाराकडं बघून हसायच्या, पूर्वीसारख्याच. आणि मी आत पळायची.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हायकोर्टानं तो फैसला उलटा केला. त्याची नक्कल कचेरीत आली तेव्हा मामंजींनी ती घरी आणली, आधी उर्दूत वाचली आणि मग मराठीत मतलब सांगितला. घराच्या उंबऱ्याच्या आत बायका बसल्या आणि एकीनं दुसरीला अक्षर दाखवलं, तर ती शाळा होत नाही. शाळेचा कायदा तिथं लागू पडत नाही. अखबार वाचल्याचा पुरावा नाही. आणि गवाहाचा शब्द तिचा धंदा बघून हलका-भारी ठरवायचा नसतो, बांगड्या विकते म्हणून तिचं खरं कमी होत नाही. मामंजींनी हे दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बहुतेक स्वतःसाठी.

मग एक ओळ होती. गवाह नंबर दोन ही लिहिता-वाचता न येणारी बाई आहे आणि तिच्या म्हणण्याचा या कामात काही उपयोग नाही. ती ओळ मामंजींनी एकदाच वाचली. मी स्वयंपाकघरात गेले.

तू सभेत म्हणालीस ते खरं आहे. पुढं लातूर, औसा, कुठं कुठं वाचनालयाला त्रास झाला की लोक त्या फैसल्याची नक्कल दाखवायचे. पण तुम्ही वकील लोक फैसले पाठ करता, जजसाहेबांचं कौतुक करता. फैसला जज लिहितो गं, पण तो टेकतो कशावर? कुणीतरी त्या लाकडी चौकटीत उभं राहून खरं सांगितलेलं असतं. ज्या दिवशी ते सांगायचं होतं त्या दिवशी कायदा नव्हता तिच्या पाठीशी, राज्यघटना नव्हती, काहीच नव्हतं. घरी पोरं होती आणि टोपलीत काचा होत्या.

त्या टोपलीचं काय झालं ते सांगते. गल्लीनं तिला बोलवायचं बंद केलं. कचेरीत उभी राहून आलेली बाई, तिच्याकडून बांगड्या कशा भरायच्या? आमच्या सासूबाईंनीही दुसरी कासारीण लावून घेतली, आणि मी मुकाट्यानं हात पुढं केला. एका दिवाळीला ती आमच्या दारावरून "बांगड्याऽ" म्हणत गेली, एकदा गेली, परत आली, आणि आम्ही दोघी आत बसून राहिलो. नंतर ती नांदेडात दिसेनाशी झाली. आक्कांनाही घरमालकानं खोल्या सोडायला लावल्या. जिंकलेल्या बाईला, बरं का. त्या औशाला भावाकडं गेल्या.

इथपर्यंत मी म्हणू शकले असते की मी लहान होते, घाबरले. आक्का म्हणाल्याच होत्या, लेकरू आहे. पण पुढचं ऐक.

थोरला झाला आणि तो पाच महिन्यांचा असताना नवस फेडायला आम्ही माहूरला गेलो. तेव्हाही निजामाचंच राज्य होतं. देवीचं दर्शन घेऊन पायऱ्या उतरतोय, तर खाली दुकानांच्या ओळीत ती कासारीण. ओळखलं तिनं लगेच.

"हाव वहिनी! पोरगं झालं वाटतं. बसा, बसा. देवीच्या दारात रिकाम्या हातानं जाता व्हय?"

सासूबाईंना नाही म्हणता येईना. मी बसले. ती माझा हात दाबून दाबून हिरवा चुडा भरायला लागली. दुकानाला वर पत्र्याचा एक तुकडा बांधला होता, त्यावर चुन्यानं अक्षरं काढलेली. तिनं मान वर करून दाखवलं. "म्या लिवलं. लोक म्हणतात वाकडं हाय. वहिनी, तुमीच वाचून सांगा बरं, बराबर हाय का?"

मी वाचलं होतं. बसायच्या आधीच वाचलं होतं. 'देवीचा चुडा इथे मिळेल.' एकही चूक नव्हती. तोवर मला जोडाक्षरंही यायला लागली होती. वाण्याच्या पुड्यांचे कागद जमवून, चुलीपुढं बसून मी ती एकटीनं शिकले होते. सासूबाईंना ते माहीत होतं. खटला संपलेला, फैसला झालेला, शिकणं गुन्हा नाही हे हैदराबादच्या कोर्टानं सांगितलेलं. मला अडवणारं तिथं कुणी नव्हतं गं. कुणीही नव्हतं.

मी म्हटलं, "मला कुठं येतं वाचायला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण एखाद्या भांड्याला चीर आहे का बघतो, तसं. मग पुन्हा खाली मान घालून म्हणाली, "हात लई आवळलाय वहिनी. ढिला सोडा, न्हाईतर काच रुतंल." चुडा भरून झाल्यावर एक बांगडी वर भरली, देवीची म्हणून. पोराच्या गालाला हात लावला. आम्ही निघालो.

पडद्याआड मी घाबरून खोटं बोलले. माहूरला कशानं बोलले? इतकी वर्षं विचार करतेय. मला वाटतं, एकदा हो म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, "मग त्या दिवशी का न्हाई बोललात?" त्या एका सवालासाठी मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. पुढं रझाकारांचे दिवस आले, पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, तुमची ती राज्यघटना आली. ज्याला त्याला हक्क मिळाले. मी पुस्तकं वाचली, पोरांना शिकवलं, लोक मला शिकलेली म्हणायला लागले. औसा लातूरहून काय लांब आहे? तुझ्या आईकडं मी वर्षातून दोनदा यायची. आक्का तिथं उघड उघड बायकांचा वर्ग घ्यायच्या, हे मला ठाऊक होतं. एकदाही गेले नाही. त्या गेल्याचं कळलं तेव्हा घरात पाहुणे होते, मी पुऱ्या तळत राहिले.

आता कामाचं बोलते. पुस्तकातून माझं नाव काढ. त्याजागी नुसतं एक गवाह असं घालू नकोस, त्यात मी पुन्हा लपते. मी काय केलं ते लिही, तुझ्या मावशीनं केलं म्हणून लिही. आणि माझ्या जागी त्या कासारणीचं नाव घाल.

ते नाव मला माहीत नाही. दीड वर्ष एका चटईवर बसलो, तिनं माझे हात हातात घेतले, आणि मी तिला कधी नाव विचारलं नाही. आम्ही सगळ्या तिला कासारीणच म्हणायचो. माहूरलासुद्धा विचारलं नाही. पण तिनं ते कचेरीत लिहिलंय, स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर. तो कागद नांदेडच्या कोर्टात असंल नाहीतर हैदराबादला गेला असंल, वाळवीनं सोडला असंल तर. तू वकील आहेस, अर्ज कर, दप्तर काढायला लाव. म्हातारे कारकून असतात, त्यांच्याशी गोड बोल, ते हुडकून देतात. मला आता ते जिने चढवत नाहीत.

तुझ्या आईला हे वाचून दाखवू नकोस, मी स्वतः सांगते तिला. आणि तुला राग आला असंल तर येऊ दे, तो घेऊनच ये, इथं माझ्यासमोर काढ. कागद सापडला तर उत्तम, नाही सापडला तरी ये, आपण दोघी मिळून माहूरला जाऊन विचारू, तिची पोरं-नातवंडं असतील कुणीतरी. कोर्टाला सुट्टी लागायची वाट बघू नकोस बाई. शनिवारची पहिली बस धर, मी दुपारपर्यंत तुझ्यासाठी जेवायची थांबते. लवकर ये.